दुय्यम चयापचयी पदार्थ: सजीव ते कधी, कुठे आणि कशासाठी बनवतो हे पाहिल्याशिवाय हाती लागत नाहीत

पर्णिका

'पानं वाळवली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला, अल्कलॉइड आढळलं नाही.' प्रयोगवहीत अशी नोंद दिसली (अल्कलॉइड म्हणजे नत्र असलेले, बहुधा अल्कधर्मी नैसर्गिक पदार्थ) की दोष अर्काच्या पद्धतीत शोधण्याआधी पानं कधी तोडली, कोणती तोडली आणि झाडाच्या कोणत्या भागातून घेतली, ते विचारावं. धागा त्याचसाठी काढला आहे. सजीवाच्या बाजूने सुरुवात करते, पुढचं ज्याच्या त्याच्या हातातलं काम त्याने लिहावं.

सजीवाची पेशी जे रेणू बनवते ते चयापचयी पदार्थ. शर्करा, अमिनो आम्लं, मेदाम्लं, न्यूक्लिओटाइड यांच्याविना पेशी जगत नाही, ती प्राथमिक. बाकीचं दुय्यम, ही विभागणी आल्ब्रेख्ट कॉसेल यांनी १८९१ मध्ये मांडली. 'दुय्यम' शब्दामुळे ते पदार्थ टाकाऊ आहेत असा समज बरीच वर्षं राहिला. प्रत्यक्षात किडीला परतवणं, परागकण वाहणाऱ्याला बोलावणं, शेजारच्या जंतूला रोखणं, अतिनील किरणांपासून बचाव ही सगळी कामं यांचीच. कच्चा माल मात्र प्राथमिक मार्गांवरूनच येतो. टर्पिनॉइड (सुगंधी तेलं, राळ यांतले रेणू) पाच कार्बनच्या आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेटपासून बनतात (पेशीद्रवात मेव्हॅलोनेट मार्गाने, हरितलवकात मेथिलएरिथ्रिटॉल फॉस्फेट म्हणजे एमईपी मार्गाने), बरेचसे फिनॉलिक शिकिमेट मार्गातल्या फिनिलअ‍ॅलनिनपासून, बहुतेक अल्कलॉइड अमिनो आम्लांपासून आणि पॉलिकिटाइड अ‍ॅसिटेटच्या तुकड्यांपासून. म्हणून नत्र कमी पडलं तर अल्कलॉइड आधी घटतात, आणि प्रकाश जास्त व नत्र कमी असेल तर फिनॉलिक वाढतात.

आता जागा. तंबाखूत निकोटीन मुळांत बनतं आणि जलवाहिन्यांतून पानात चढतं. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानात निकोटीन सापडतं, उलट कलमात तंबाखूची पानं जवळजवळ रिकामी राहतात. पदार्थ सापडला ती जागा आणि बनला ती जागा एकच असेल असं गृहीत धरू नये. आर्टेमिसिया अ‍ॅन्युआमध्ये आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध पानावरच्या ग्रंथिल केसांत साठतं, त्यामुळे पानं चोळत, आपटत वाळवली की माल चुऱ्यात जातो आणि चुरा चाळून फेकला की अर्कात काही उरत नाही.

आणि वेळ. पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं, पान जून होताना त्याचं मेंथॉल होतं. फुलं येण्याच्या सुमारास कापणी करतात ती यासाठी. आर्टेमिसिनिनही फुलोऱ्याच्या थोडं आधी किंवा सुरुवातीला सर्वाधिक मिळतं. नमुन्याच्या पिशवीवर तारखेबरोबर वेळ, झाडाची अवस्था, पानाचा शेंड्यापासूनचा क्रमांक आणि कीड लागली होती का, एवढं लिहिलेलं असेल तर पुढच्या निम्म्या शंका उद्भवतच नाहीत.

अर्कनळी

पर्णिका यांच्या मुद्द्याला जोडूनच. पान तोडल्यावर रसायन थांबत नाही. पेशी फुटली की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले विकर (एन्झाइम) आणि ते ज्यांना फोडतात ते ग्लुकोसाइड (साखर जोडलेले रेणू) एकत्र येतात. मोहरीच्या कुळात मायरोसिनेज ग्लुकोसिनोलेट फोडतं, सायनोजेनिक वनस्पतींत बीटा-ग्लुकोसिडेज हायड्रोजन सायनाइड मोकळं करतं (ती वाटण्याचं काम धूरकपाटातच करावं). मूळ ग्लुकोसाइड मोजायचा असेल तर पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, वितळू न देता, ७० ते ८० अंशांना आधीच तापवलेल्या ७० टक्के मिथेनॉलमध्ये टाकून १० मिनिटं ठेवायचं. थंड मिथेनॉल ओतून नंतर तापवलं तर मधल्या काळात विकराने काम उरकलेलं असतं.

साध्या कामासाठी सावलीत किंवा ४० अंशांच्या आतल्या भट्टीत, हवा खेळती ठेवून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावं. सुगंधी तेल हवं असेल तर ६० अंशांची भट्टी वापरूच नये, मोनोटर्पीन उडून जातात. ते काम क्लेव्हेंजर उपकरणात, साधारण तीन तास पाण्याबरोबर ऊर्ध्वपातन करून. वाळलेला माल दळताना गिरणी गरम होऊ देऊ नये, अर्धा मिनिट चालवून थांबावं. भुकटी ४० मेशच्या चाळणीतून काढावी. याहून बारीक केली तर गाळणकागद तुंबतो आणि मेण, हरितद्रव्यही जास्त उतरतं.

भुकटी १० ग्रॅम, ८० टक्के मिथेनॉल १०० मिलिलिटर, ध्वनितरंग कुंडात ३० मिनिटं, गाळून चोथ्यावर पुन्हा दोनदा. कुंडातलं पाणी आपोआप ५० अंशांपर्यंत चढतं, म्हणून बर्फाचे तुकडे टाकत राहावं. थोडं पाणी मिसळलेलं मिथेनॉल शुद्ध मिथेनॉलपेक्षा बहुधा बरं, कारण पाण्याने पेशीभित्ती फुगते आणि ग्लायकोसाइडही येतात. द्रावक ४० अंशांवर निर्वातात उडवायचा.

अल्कलॉइड वेगळं करण्याची नेहमीची वाट: सुका अर्क २ टक्के गंधकाम्लात विरघळवा, हेक्झेनने दोनदा धुऊन मेद व हरितद्रव्य काढा, पाण्याचा थर थंड ठेवून अमोनियाने सामू (पीएच) ९ ते १० करा, क्लोरोफॉर्मने तीनदा ओढा, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा. आम्लात अल्कलॉइड क्षार होऊन पाण्यात राहतं, अल्कलीत मोकळं होऊन सेंद्रिय थरात जातं. इथे तीन अपवाद माहीत हवेत. बर्बेरीन चतुष्क अमोनियम क्षार आहे, त्याला कायमचा धनभार असतो, अल्कली कितीही घाला ते पाण्यातच पिवळंधमक राहणार. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ घालून थंडीत क्लोराइड म्हणून खाली बसवतात. कोल्चिसिनमधला नत्र अमाइडचा, म्हणजे जवळजवळ उदासीन, ते आम्लातूनच क्लोरोफॉर्ममध्ये निघून जातं. आम्लावस्थेत क्लोरोफॉर्मने 'धुऊन' तो थर फेकणाऱ्याने कोल्चिसिनच फेकलेलं असतं. कॅफीन फारच दुबळं अल्कधर्मी, तेही आम्लातून बरंच निसटतं.

मूळरोम

क्लोरोफॉर्मचा थर साबणासारखा दुधाळ होऊन तासन्तास सुटत नाही, यावर काय करावं तेही लिहा.

अर्कनळी

सॅपोनिन असलेल्या मालात हे हमखास होतं. विलगी नरसाळं हलवायचंच नाही, दहा-बारा वेळा सावकाश उलटंपालटं करायचं. दुधाळ झालंच तर संपृक्त मिठाचं पाणी घालावं, नाहीतर मधला थर कापसाच्या बोळ्यातून गाळावा, तरी न सुटल्यास मिनिटाला ३००० फेऱ्यांवर १० मिनिटं अपकेंद्रित करावं. पुढच्या वेळी अर्कात थोडं इथेनॉल राहू द्यावं किंवा द्रवाऐवजी डायअ‍ॅटोमेशियस मातीच्या स्तंभावर पाण्याचा थर शोषून वरून द्रावक सोडावा. दुधाळपणाचा प्रश्नच येत नाही.

तरंगलांबी

मापनाकडे येतो, कारण चुकीचे निष्कर्ष सगळ्यात जास्त इथे निघतात.

ड्रॅगेनडॉर्फ अभिकारकाने नारिंगी साका आला म्हणजे अल्कलॉइड, असं लिहून मोकळं होऊ नये. प्रथिनं, काही कुमारिन आणि लॅक्टोनही नारिंगी देतात. उलट कॅफीनसारखी प्युरीन अल्कलॉइड त्याला नीट प्रतिसाद देत नाहीत, त्यांना म्युरेक्साइड चाचणी लावावी. कच्च्या अर्कावर चाचणी घेण्यापेक्षा वरच्या आम्ल-अल्कली पायरीनंतर घ्यावी, आणि मेयर व वॅग्नर हे अल्कलॉइडचे दुसरे दोन अभिकारकही सोबत लावावे.

एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्तो: नमुना ०.५ मिलिलिटर, दहापट विरल केलेलं अभिकारक २.५ मिलिलिटर, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर, अंधारात ३० मिनिटं, ७६५ नॅनोमीटर. क्रम उलटा केला, म्हणजे कार्बोनेट आधी घातलं, तर अभिकारक अल्कलीत विघटित होतं आणि निळा रंग फिका येतो. हे अभिकारक फिनॉल ओळखत नाही, क्षपण करणारं जे असेल ते मोजतं. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, क्षपणकारी शर्करा, टायरोसीन सगळं त्यात येतं. फिनॉल किती हे खरोखर हवं असेल तर तोच नमुना पीव्हीपीपी या फिनॉल धरून ठेवणाऱ्या पॉलिमरने फिनॉल काढून पुन्हा मोजायचा आणि फरक धरायचा.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची ४१५ नॅनोमीटरची पद्धत फ्लेव्होन आणि फ्लेव्होनॉल यांच्यासाठी आहे. फ्लेव्हॅनोन आणि कॅटेचिन त्यात जवळपास दिसत नाहीत, तरी निकाल 'एकूण फ्लेव्होनॉइड' म्हणून छापला जातो. अँटिऑक्सिडंट ताकद मोजण्याचं जांभळं अभिकारक डीपीपीएच ५१७ नॅनोमीटरवर वाचतात आणि अँथोसायनिनही तिथेच शोषतं, म्हणून रंगीत अर्काला डीपीपीएचविना स्वतःचा कोरा नमुना लागतो.

वस्तुमान वर्णपटात वस्तुमान-भार गुणोत्तर १४९ आणि ३९१ ची शिखरं ठळक दिसली तर नव्या रेणूचा आनंद करण्याआधी प्लॅस्टिक तपासा. ते डायइथाइलहेक्झिल थॅलेट हे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन आहे, नळ्या, झाकणं, स्वस्त द्रावक यांतून येतं. 'वनस्पतीतून वेगळा केलेला' म्हणून हा थॅलेट कितीतरी निबंधांत छापून आलेला आहे. भुकटीविना सगळ्या पायऱ्या करून काढलेला कोरा अर्क हाच त्यावर उपाय, आणि तो प्रत्येक तुकडीबरोबर काढायचा.

अर्कनळी

थॅलेटसारखंच, द्रावकाने घडवलेले रेणूही असतात. डायक्लोरोमिथेन तृतीयक अमाइनशी संयोग पावतो, स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन त्यात दिवसेंदिवस ठेवू नयेत. जुन्या इथरमधली पेरॉक्साइडं अल्कलॉइडचे एन-ऑक्साइड करतात. आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये कार्बोक्सिलिक आम्लाचा मिथाइल एस्टर होतो. संशय आला तर अर्क इथेनॉलने पुन्हा काढावा. मिथाइल एस्टर जाऊन इथाइल एस्टर दिसला की तो आपणच बनवलेला.

बुरशीमित्र

सूक्ष्मजीवांबद्दल कोणी लिहिलं नाही, ते मी लिहितो. प्रतिजैविकांचा मोठा वाटा इथूनच येतो: पेनिसिलिन (फ्लेमिंग, १९२८), स्ट्रेप्टोमायसीन (१९४३, वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ), रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारं लोव्हास्टॅटिन अ‍ॅस्परजिलस टेरियसपासून, अवयवरोपणात वापरतात ते सायक्लोस्पोरिन टॉलिपोक्लॅडियम बुरशीपासून. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, जिओस्मिन, तोही मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूंचाच.

मातीतून स्ट्रेप्टोमायसिस काढायचे तर माती आठवडाभर हवेत वाळवा. इतर जिवाणू मरतात, बीजाणू तग धरतात. हजारपट ते लाखपट विरल करून स्टार्च-केसीन आगरवर पसरा, त्यात निस्टॅटिन ५० आणि नॅलिडिक्सिक आम्ल २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. २८ अंशांवर ७ ते १४ दिवस. पहिल्या दोन दिवसांत उगवलेल्या ओल्या, चकचकीत वसाहती सोडून द्यायच्या. आपल्याला हव्यात त्या कोरड्या, खडूच्या भुकटीसारख्या, सुईने उचलताना आगरात रुतलेल्या.

वाढ उत्तम आणि उत्पादन शून्य, ही नेहमीची तक्रार. कारण पर्णिका यांनी सांगितलं तेच, वेळ. आधी वाढीचा टप्पा, अन्न संपत आलं की उत्पादनाचा. माध्यमात ग्लुकोज भरपूर असेल तर दुसरा टप्पा सुरूच होत नाही. पेनिसिलिनच्या सुरुवातीच्या उत्पादनात लॅक्टोज वापरत ते याचसाठी, ते हळूहळू फुटतं. आता ग्लुकोज थेंबाथेंबाने सोडतात. फॉस्फेटचंही तसंच. सामू राखायला सवयीने ५० मिलिमोलर फॉस्फेट घातलं की बरीच प्रतिजैविकं बंद होतात, त्याऐवजी एमओपीएस हे फॉस्फेट नसलेलं बफर किंवा कॅल्शियम कार्बोनेट घ्यावं. एकाच वाणाला चार-पाच वेगळ्या माध्यमांत वाढवून पाहिल्याशिवाय तो वांझ ठरवू नये. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात २० पेक्षा जास्त दुय्यम पदार्थांचे जनुकगट दिसले, तोवर हातात मोजकेच पदार्थ होते.

वाण वारंवार नव्या थाळीवर घेत राहिलं तर उत्पादन जातं. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र रेषीय आहे आणि टोकांचे मोठे तुकडे गळतात. टक्कल पडल्यासारख्या, बीजाणू नसलेल्या वसाहती ही त्याची खूण. पहिल्याच पिढीचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावेत.

काढणीत रेणूचा स्वभाव पाहावा. पेनिसिलिन ब्युटाइल अ‍ॅसिटेटमध्ये ओढायला सामू २ ते २.५ लागतो, पण त्या सामूला बीटा-लॅक्टम वलय फुटत राहतं, म्हणून सगळं ० ते ४ अंशांवर आणि काही मिनिटांत उरकून लगेच उदासीन फॉस्फेट द्रावणात परत घ्यायचं. लोव्हास्टॅटिन द्रवात बहुतांशी हायड्रॉक्सी आम्लाच्या रूपात असतं. सामू ३ करून इथाइल अ‍ॅसिटेटने काढल्यावर काही भाग लॅक्टोन (बंद वलयाचं रूप) होतो आणि २३८ नॅनोमीटरवर दोन शिखरं येतात. एकच मोजलं तर उत्पादन कमी दिसतं.

जंतुरोधक चाचणीत थाळीवर अर्काभोवती जंतू न वाढलेल्या वलयाचा व्यास ताकद दाखवत नाही. मोठा, जलद्वेषी रेणू आगरात सरकतच नाही. ९६ कप्प्यांच्या पट्टीत किमान रोधक सांद्रता काढा, अर्क विरघळवायला घेतलेलं डीएमएसओ १ टक्क्याच्या आत ठेवा. गडद अर्काला रेझाझुरिन (जिवंत जंतूने रंग बदलणारं द्रव्य) लावतात, पण फिनॉलिक स्वतःच रेझाझुरिनचं क्षपण करतात, त्यामुळे जंतूविना अर्क-रेझाझुरिनचा कप्पा हवाच. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला जंतू थांबला तर तो गुण अर्काचा मानू नये, तेवढ्याने जवळपास काहीही थांबतं. कच्च्या अर्काला मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत परिणाम असेल तरच पुढचा खर्च करावा. आणि पुढे जाण्याआधी अ‍ॅक्टिनोमायसीन, स्ट्रेप्टोथ्रिसीन यांसारखे सतत सापडणारे ओळखीचे रेणू वर्णपटावरून वगळून घ्यावेत.

मूळरोम

झाड न कापता पदार्थ मिळवण्याची वाट म्हणजे ऊतीसंवर्धन. शिकोनिन हे लाल रंगद्रव्य लिथोस्पर्मम वनस्पतीच्या पेशींतून १९८३ मध्ये बाजारात आलं, वनस्पतिपेशींच्या टाकीतून आलेलं ते पहिलं व्यापारी उत्पादन. तिथेही दोन टप्पेच होते: एका माध्यमात पेशी वाढवायच्या, मग दुसऱ्यात हलवायच्या. प्रकाश आणि अमोनियम दोन्ही शिकोनिन अडवतात, म्हणून दुसरा टप्पा अंधारात आणि फक्त नायट्रेटवर.

सर्वसाधारण कृती: एमएस (मुराशिगे-स्कूग) माध्यम, साखर ३० ग्रॅम प्रति लिटर, सामू ५.८, आणि लिटरला दोन वनस्पती-संप्रेरकं: २,४-डी १ ते २ मिलिग्रॅम, कायनेटिन ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम. द्रवात नेल्यावर मिनिटाला ११० ते १२० फेऱ्या, २५ अंश, दर १४ दिवसांनी नव्या माध्यमात जुन्या संवर्धनाचं १० टक्के बियाणं. बियाणं त्याहून कमी घेतलं तर पेशी वाढायलाच तयार होत नाहीत. उत्पादनाच्या टप्प्यात २,४-डी काढून एनएए हे दुसरं संप्रेरक घ्यावं आणि साखर ५० ग्रॅमपर्यंत न्यावी, कारण २,४-डी बऱ्याच दुय्यम पदार्थांना दाबून टाकतं. पेशी तपकिरी पडत असतील तर पीव्हीपी १ ग्रॅम आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल १०० मिलिग्रॅम प्रति लिटर. सक्रिय कोळसाही चालतो, पण तो संप्रेरकंही शोषून घेतो.

सदाफुलीत ही पद्धत अडते. सुट्या पेशी अ‍ॅजमॅलिसिन, कॅथरँथिन देतात, व्हिंडोलिन देत नाहीत. त्याच्या शेवटच्या पायऱ्या पानातल्या क्षीरवाहिन्या आणि इडिओब्लास्ट या खास पेशींत होतात, आणि संवर्धनातल्या पेशींच्या गोळ्यात त्या पेशीच नसतात. पानात व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध इतकं थोडं असतं की १ ग्रॅमला सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात. म्हणून पानातून मुबलक मिळणारी व्हिंडोलिन व कॅथरँथिन काढून ती प्रयोगशाळेत जोडतात.

मुळांत बनणाऱ्या पदार्थांसाठी केशमुळं (जिवाणूने आपली जनुकं घालून फुटवलेली मुळं) उत्तम. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस जिवाणूच्या द्रवात वनस्पतीचे तुकडे २० ते ३० मिनिटं बुडवणं, निर्जंतुक कागदावर टिपणं, दोन दिवस सहसंवर्धन, मग तो जिवाणू मारायला सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. दोन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात. अर्ध्या ताकदीच्या संप्रेरकविरहित माध्यमात ती फांद्या फोडत वाढतात.

शेवटी उद्दीपन, म्हणजे पेशींना हल्ल्याचा खोटा इशारा देऊन उत्पादन वाढवणं: वाढीच्या वेगवान टप्प्याच्या अखेरीला मिथाइल जास्मोनेट १०० मायक्रोमोलर, इथेनॉलमध्ये विरघळवून ०.२२ मायक्रॉनमधून गाळून. लवकर दिलं तर वाढ थांबते आणि एकूण उत्पादन उलट घटतं.

तरंगलांबी

जास्मोनेटच्या प्रयोगांत नियंत्रण (तुलनेसाठी ठेवलेल्या, जास्मोनेट न दिलेल्या) फ्लास्कमध्येही पदार्थ वाढलेला दिसतो. इथेनॉल नियंत्रणातही दिलेलं असतं. मग फरक कशाने बुजतो?

मूळरोम

मिथाइल जास्मोनेट उडनशील आहे. झाडंही ते हवेतून एकमेकांना 'कळवतात'. एकाच बंद हलवयंत्रात दोन्ही ठेवली की कापसाच्या बोळ्यातून वाफ नियंत्रणात जाते. यंत्रं वेगळी हवीत, आणि आधी नियंत्रण उघडून मग उद्दीपित फ्लास्क हाताळावेत.

निंबोणी

वापराची एक साधी बाजू. निंबोळीतलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीची भूक मोडतं आणि कात टाकण्याचं संप्रेरक बिघडवतं, त्यामुळे अळी लगेच मरत नाही. दुसऱ्या दिवशी अळ्या दिसल्या म्हणून फवारणी फसली असं धरू नये. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीच्या गराची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, १०० लिटर करा, साबण १०० ते २०० ग्रॅम अगदी शेवटी घाला. अ‍ॅझाडिरॅक्टिन सामू ४ ते ६ मध्ये टिकतं, अल्कलीत फुटतं. साबण आधीच घालून ठेवला किंवा पाणी अल्कधर्मी असेल तर अर्क पिंपातच निकामी होतो. ऊनही त्याला सोसत नाही, फवारणी संध्याकाळी. भुकटी उकळत्या पाण्यात भिजवू नये. बुरशी लागलेल्या आणि आठ महिन्यांपेक्षा जुन्या निंबोळ्या घेऊ नयेत, ओल्या बियांवर अफ्लाटॉक्सिन बनवणारी बुरशी सहज धरते.

पर्णिका

उष्णतेवरून आर्टेमिसिनिन आठवलं. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटाला १९७१-७२ मध्ये यश मिळालं ते उकळणं सोडून कमी तापमानाला उकळणारा इथर घेतल्यावर. औषधाची सगळी ताकद रेणूतल्या पेरॉक्साइड पुलात आहे.

प्राण्यांबद्दल एवढंच, की पदार्थ ज्याच्यात सापडला तोच निर्माता असतो असं नाही. विषारी बाणबेडूक त्यांची अल्कलॉइडं खाल्लेल्या मुंग्या आणि कोळीवर्गीय माइट यांच्यातून घेतात, बंदिवासात फळमाश्यांवर वाढवलेले बिनविषारी निघतात. फुगामाशाचं टेट्रोडोटॉक्सिन जिवाणूंकडून येतं.

बुरशीमित्र

आणि निर्माता बदलताही येतो. आर्टेमिसिनिक आम्ल यीस्टमधून लिटरला २५ ग्रॅमपर्यंत मिळाल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यापुढचा पेरॉक्साइड पूल प्रकाश आणि सिंगलेट (उत्तेजित अवस्थेतला) ऑक्सिजन वापरून रसायनशाळेत बांधतात. व्हिंडोलिन आणि कॅथरँथिन दोन्ही देणारं यीस्टही २०२२ मध्ये झालं.

मूळरोम, केशमुळांबाबत एक राहिलं. जिवाणूकडून मुळात येणारं आरओएल-बी जनुक पीसीआरमध्ये (डीएनए वाढवून पाहण्याच्या चाचणीत) दिसलं म्हणून मूळ रूपांतरित झालं असं ठरत नाही. पृष्ठभागावर उरलेल्या जिवाणूतूनही तोच पट्टा येतो.

मूळरोम

बरोबर. म्हणून व्हीआयआर-डी जनुकाचा पीसीआर सोबत लावायचा. ते टी-डीएनएच्या (जिवाणू वनस्पतीत घालतो त्या डीएनएच्या तुकड्याच्या) बाहेर असतं, वनस्पतीत जात नाही. आरओएल-बीचा पट्टा आहे आणि व्हीआयआर-डीचा नाही, तरच मूळ रूपांतरित आणि जंतुमुक्त. दोन्ही दिसले तर सेफोटॅक्सिमवर आणखी तीन-चार वेळा शेंडे कापून हलवा, आणि मग प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात दोन आठवडे ठेवून पुन्हा तपासा. प्रतिजैविक असताना दबलेला जिवाणू तेव्हाच वर येतो.